पंधरा अक्षरांपलीकडचा विषय

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ई-मेल व्यवस्थेला वेबमेल म्हणतात, आणि तिच्यासाठी दरमहा किंवा दरसाल शुल्क मोजावे लागत असेल, तर तिच्यातील दोषांमुळे होणारा मनस्ताप मोफत सेवेतील मनस्तापाहून निराळ्या जातीचा असतो. मोफत सेवेत काही बिघडले तर वापरणारा थोडा चरफडतो आणि पुढे जातो, कारण धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात हे त्याला ठाऊक असते. विकत घेतलेल्या गाईच्या बाबतीत दात मोजण्याचा हक्क मिळतो. परंतु येथे नोंदवलेल्या अनुभवात असे दिसून आले, की हक्क मिळतो त्याबरोबर मोजण्याचे कामही ग्राहकाच्याच गळ्यात पडते, दात कमी आहेत हे त्यानेच सिद्ध करावे लागते, आणि या श्रमांची नोंद कोणत्याही बिलात होत नाही.

हा अनुभव पुण्यातील एका छोट्या प्रकाशनसंस्थेच्या संपादकीय कार्यालयातील असून, प्रस्तुत लेखक तेथे मुद्रितशोधन आणि लेखकांशी पत्रव्यवहार अशी दोन्ही कामे सांभाळतो. संस्थेचा वर्षातला सर्वांत मोठा व्याप म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून या प्रथेला सुरुवात केली, आणि तेव्हापासून साधनांत कितीही बदल झाले असले तरी कामाचा क्रम फारसा बदललेला नाही: उन्हाळा सरता सरता निमंत्रणे जातात, श्रावणात लेख येऊ लागतात, गणपतीच्या सुट्ट्यांच्या आगेमागे मुद्रिते फिरतात आणि नवरात्रात अंक छपाईला जातो. पूर्वी हा सारा व्यवहार पोस्टकार्ड, आंतरदेशीय पत्र आणि फुलस्केप कागदांवर चाले; आता तो जवळजवळ संपूर्णपणे ई-मेलने चालतो, आणि एकेका लेखामागे निमंत्रण, स्मरणपत्र, पोच, शंका, मुद्रित, दुरुस्ती व मानधनाचा तपशील अशी सहा-सात पत्रे सहज होतात. अशा कार्यालयात पत्राचा ‘विषय’ ही औपचारिकता नसते, कारण पत्र कोणत्या लेखाचे आणि कोणत्या टप्प्यावरचे, हे त्या एका ओळीवरूनच ओळखायचे असते.

संस्थेकडे आधी एक मोफत खाते होते आणि त्याचा पासवर्ड चौघांना माहीत होता. एकाने पत्र उघडले की ते बाकीच्यांना वाचलेले दिसे, आणि ‘मला वाटले तुम्ही उत्तर दिले असेल’ हे वाक्य कार्यालयात रोज कोणी ना कोणी उच्चारत असे. म्हणून संस्थेच्या नावाचे डोमेन, म्हणजे पत्त्यात ‘ॲट’ चिन्हानंतर येणारे स्वतःचे नाव, घेण्यात आले, आणि त्यावर पाच मेलबॉक्स देणारी सशुल्क सेवा निवडण्यात आली. शुल्क वार्षिक, वर १८ टक्के जीएसटी. सेवेचे नाव येथे अप्रस्तुत आहे. ठरावात जागा, सुरक्षितता आणि जाहिरातदारांवर पडणारी छाप ही कारणे नोंदवली गेली. न नोंदवलेले कारण असे होते, की काही अडल्यास ज्याला फोन करता येईल असे कोणीतरी दुसऱ्या टोकाला असावे.

करारपत्र त्या वेळी कोणी बारकाईने वाचले नाही. नंतर वाचले गेले तेव्हा असे आढळले, की कंपनीने हमी दिली होती ती सेवा महिन्यातील ९९.९ टक्के वेळ चालू राहण्याची. तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ त्रेचाळीस मिनिटांहून किंचित अधिक काळ सेवा बंद राहिली तरी चालेल, त्याहून अधिक राहिली तर शुल्कातील काही भाग परत मिळेल, असा होतो. मात्र ‘चालू’ या शब्दाची व्याख्या सर्व्हर विनंतीला प्रतिसाद देतो आहे एवढीच होती, आणि पुढच्याच कलमात सॉफ्टवेअर ‘आहे त्या स्थितीत’ पुरवले जात असून ते निर्दोष असल्याची कोणतीही हमी नाही, असे स्वच्छ लिहिलेले होते. या दोन कलमांचा एकत्रित अर्थ असा, की पत्राचा विषय मोडून पाठवणारे वेबमेल हे करारानुसार चालू असलेले वेबमेल असते. असे करार या व्यवसायात सर्रास होतात. पण जी वस्तू विकत घेतली असे कार्यालय समजत होते आणि जी प्रत्यक्षात विकली गेली होती, त्यांच्यात अंतर होते, आणि पुढचा सारा मनस्ताप त्या अंतरात घडला.

दोषाचे स्वरूप समजण्यासाठी ई-मेलच्या रचनेकडे थोडे मागे जाऊन पाहावे लागते. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये आर्पानेट या संगणक-जाळ्यावर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठवले आणि पत्त्यासाठी ‘ॲट’ चिन्ह निवडले; पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या नावाने पत्रांच्या वाहतुकीचे नियम लिहिले. हे नियम सात बिटांच्या अक्षरांवर आधारलेले होते, म्हणजे एकूण १२८ चिन्हे, आणि त्यांत इंग्रजी वर्णमाला, अंक व विरामचिन्हे बसवली की जागा संपत असे. फ्रेंचमधील स्वरांवरच्या खुणांनाही जिथे थारा नव्हता, तिथे देवनागरीची गोष्टच नको. नथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ‘माइम’ नावाची पद्धत मांडली. तिच्यामागची युक्ती अशी, की वाहतुकीचे नियम न बदलता कोणताही मजकूर साध्या रोमन अक्षरांच्या वेषात पाठवायचा आणि पोहोचल्यावर त्याचा वेष उतरवायचा. पत्राच्या मायन्यासाठी, म्हणजे विषय आणि नावे असलेल्या वरच्या ओळींसाठी, याच युक्तीचे वेगळे नियम कीथ मूर यांनी त्याच वर्षी लिहिले. मराठीत विषय लिहून पाठवलेले प्रत्येक पत्र आजही बहुधा याच वेषांतरातून जाते.

या नियमांत एक मर्यादा आहे. वेषांतरित तुकडा ७५ रोमन चिन्हांहून मोठा असू नये; विषय मोठा असेल तर त्याचे अनेक तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याला लिपीसंकेताचे नाव आणि सुरुवात-शेवटाच्या खुणा जोडाव्या लागतात व त्यांत १२ चिन्हे जातात. उरलेल्या ६३ मध्ये चारचारांचे पूर्ण गट ६० चिन्हांचे बसतात, आणि चार रोमन चिन्हांत मूळ मजकुराचे तीन बाइट मावत असल्यामुळे एका तुकड्यात ४५ बाइट जातात. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. म्हणजे एका तुकड्यात देवनागरीची बरोबर पंधरा चिन्हे बसतात. येथे चिन्ह म्हणजे मराठी वाचकाच्या मनातले अक्षर नव्हे, हे सांगितले पाहिजे: ‘प्र’ हे वाचकाला एक अक्षर वाटते, पण संगणकाच्या हिशेबी ती प, हलन्त आणि र अशी तीन चिन्हे असतात, आणि ‘कि’ ही दोन.

सारी चिन्हे तीन बाइटची असती तर पंचेचाळीसावर कापल्याने काहीच बिघडले नसते. पण शब्दांमधली मोकळी जागा, पूर्णविराम, स्वल्पविराम ही एका बाइटची असतात, आणि ती मध्ये आली की पंचेचाळीसावा बाइट एखाद्या देवनागरी चिन्हाच्या पोटात येतो. नियमांत यासाठी स्पष्ट ताकीद आहे, की अनेक बाइटचे चिन्ह दोन तुकड्यांत विभागू नये. आवश्यक तर तुकडा लहान करावा. संबंधित वेबमेलच्या एका नव्या आवृत्तीत ही ताकीद पाळली जात नव्हती आणि सुरी डोळे मिटून पंचेचाळीसाव्या बाइटवर चालत होती.

एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. ‘लेखाची दुरुस्त प्रत’ हा विषय घ्यावा. ‘लेखाची’ या शब्दाची सहा चिन्हे, १८ बाइट, मोकळी जागा, १९, ‘दुरुस्त’ची सात चिन्हे, ४०, पुन्हा मोकळी जागा, ४१, नंतर ‘प’, ४४, आणि ‘प’खालच्या हलन्ताचा पहिला बाइट हा पंचेचाळीसावा. हलन्ताचा एक बाइट पहिल्या तुकड्यात आणि उरलेले दोन दुसऱ्यात गेल्यामुळे पाहणाऱ्याला ‘लेखाची दुरुस्त प’ एवढे दिसे, मग काळ्या चौकटीत पांढरे प्रश्नचिन्ह असलेली काही चिन्हे, आणि मग ‘रत’. ‘कथा व लेख दुरुस्तीसह’ हा विषय मात्र धडधाकट पोहोचे, कारण त्यात पंचेचाळीस बाइटच्या आत तीन मोकळ्या जागा येतात, तीन एक-बाइटी चिन्हांनी मिळून एका देवनागरी चिन्हाची जागा भरून निघते आणि सुरी ‘दुरुस्त’ व दीर्घ ईकाराच्या मध्ये, दोन पूर्ण चिन्हांच्या सांध्यावर पडते. त्याहून विचित्र प्रकार पाठपुराव्याच्या पत्रांत होई. उत्तर पाठवताना विषयाआधी दोन रोमन अक्षरे, एक अपूर्णविराम आणि एक मोकळी जागा अशी चार चिन्हे आपोआप लागतात. त्यामुळे सारा हिशेब सरकून अनेकदा जे मूळ पत्र मोडले होते त्याचे स्मरणपत्र नीट जाई, आणि जे नीट गेले होते त्याचे स्मरणपत्र मोडे. मुद्रितशोधकाला आखीव कागदावर अक्षरे मोजण्याची सवय असते म्हणून हा हिशेब अखेर लागला. तोवर कार्यालयात दोष कधी लेखकांच्या मोबाइलला, कधी पावसाळ्यातल्या इंटरनेटला आणि एकदा बिचाऱ्या डीटीपी ऑपरेटरला दिला गेला होता.

शोध लांबण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते अधिक चीड आणणारे होते. कार्यालयाच्या ‘पाठवलेली पत्रे’ या कप्प्यात तीच पत्रे निर्दोष दिसत. पत्र वाचणारी काही सॉफ्टवेअरे समजूतदार असतात. ती शेजारशेजारचे तुकडे आधी जोडतात आणि मग वेष उतरवतात, त्यामुळे मध्ये कापले गेलेले चिन्ह पुन्हा सांधले जाते. काही सॉफ्टवेअरे नियमाला धरून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडतात, आणि तिथे चिन्ह मोडलेले दिसते. हे वेबमेल पाठवताना बेफिकीर आणि वाचताना समजूतदार होते. स्वतःची चूक स्वतःच्या आरशात दिसू नये अशी ही रचना असल्यामुळे दोष पाठवणाऱ्याला कधीच दिसत नसे, तो दिसे फक्त काही प्राप्तकर्त्यांना. आणि ज्येष्ठ लेखकांपैकी बहुतेकांनी, आपल्याच फोनचे काहीतरी बिघडले असावे असे समजून किंवा हे फसवणुकीचे पत्र आहे असे मानून, ते उघडलेच नाही. विदर्भातल्या एका लेखिकेने तीन आठवड्यांनी फोन करून मुद्रित अजून का आले नाही अशी विचारणा केली, तेव्हा पहिला धागा हाती लागला. मुद्रित दोनदा गेलेले होते.

जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का बंद पडतात याची चिकित्सा करताना दोषांचे दोन वर्ग सांगितले होते: बोरच्या अणूसारखा पक्का, तीच कृती केली की हमखास दिसणारा ‘बोरबग’, आणि हायझेनबर्गच्या तत्त्वाची आठवण करून देणारा, पाहायला गेले की नाहीसा होणारा ‘हायझेनबग’. विषय मोडण्याचा हा दोष प्रत्यक्षात पहिल्या वर्गातला, अगदी अंकगणिती, होता. पण मोकळ्या जागांची संख्या कोणी मोजत नसल्यामुळे तो दुसऱ्या वर्गातला वाटत राहिला. कंपनीच्या मदत विभागाने त्याला कोणत्याच वर्गात घातले नाही.

तक्रारीचा प्रवास सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण शुल्काच्या बदल्यात काय मिळते याचा तोच खरा तपशील आहे. तक्रार नोंदवली की एक क्रमांक मिळतो, आणि त्यापाठोपाठ गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करणारे पत्र येते. पहिल्या फेरीत ब्राउझरची कॅश, म्हणजे वेग वाढवण्यासाठी साठवलेली जुनी पाने, पुसण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या फेरीत दुसरा ब्राउझर वापरून पाहण्यास. तिसऱ्या फेरीत स्क्रीनशॉट मागवण्यात आला, पण तो प्राप्तकर्त्याच्या फोनवरचा, म्हणजे ऐंशीच्या घरातल्या लेखिकेला पडद्याचे छायाचित्र कसे काढायचे हे फोनवरून समजावून सांगणे आले. स्क्रीनशॉट मिळाल्यावर चौथ्या फेरीत असे उत्तर आले, की कंपनीने चाचणी केली असून विषय व्यवस्थित पोहोचतो. चाचणीचा विषय रोमन लिपीतला होता. रोमन विषयाला वेषांतराची गरजच नसल्यामुळे तो कधीही मोडणार नव्हता, आणि अशी चाचणी म्हणजे छत्री गळते का हे उन्हात उघडून पाहण्यासारखे होते.

मग मोडणारा विषय देवनागरीतच, जसाच्या तसा, तक्रारीत लिहून पाठवण्यात आला. तो कंपनीच्या तक्रार-व्यवस्थेत पोहोचला तेव्हा त्याच्या जागी नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग होती. येथे एक भेद सांगणे आवश्यक आहे. देवनागरी मजकूर बिघडतो तेव्हा तो दोन प्रकारे बिघडतो. पहिल्या प्रकारात बाइट शाबूत असतात पण ते चुकीच्या संकेताने वाचले जातात; तेव्हा प्रत्येक चिन्हाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ‘ए’ आणि त्यापाठोपाठ चलनाचे एखादे चिन्ह अशी जोडी पुनःपुन्हा दिसते. जपानी लोकांनी याला ‘मोजीबाके’, म्हणजे अक्षरांचे रूप पालटणे, असे नाव दिले असून हा बिघाड उलट फिरवून मूळ मजकूर परत मिळवता येतो. दुसऱ्या प्रकारात, ज्या साठ्यात देवनागरीला जागाच नाही तिथे मजकूर ठेवताना प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले जाते, आणि तेव्हा मूळ मजकूर कायमचा नष्ट होतो. कंपनीची तक्रारवही या दुसऱ्या प्रकारची होती. देवनागरी नीट न जाण्याची तक्रार नोंदवताना देवनागरी पुरावाच पुसला जात होता, आणि प्रश्नचिन्हांची ती रांग वाचून मदतनिसाने पुढील पत्रात विचारले, की ग्राहकाने विषयात प्रश्नचिन्हे का लिहिली आहेत.

पुरावा शेवटी पीडीएफ करून पाठवण्यात आला. त्यात मूळ पत्राच्या मायन्याचे तुकडे, बाइटचा हिशेब आणि कोणता नियम मोडला जातो आहे, हे सारे मांडलेले होते. हे काम दिवाळी अंकाच्या ऐन धामधुमीत दोन संध्याकाळ चालले, आणि ते करताना एक गोष्ट लक्षात आली ती अशी, की हे काम वस्तुतः कंपनीच्या चाचणी विभागाचे होते व त्याचे पैसे ग्राहकाने आगाऊ भरलेले होते. त्यानंतर तक्रार ‘वरच्या स्तरावर’ गेली आणि तिचे वर्गीकरण झाले. सॉफ्टवेअर व्यवसायात दोषांना तीव्रतेनुसार श्रेणी देतात; सेवा ठप्प करणारे दोष सर्वांत वर, आणि फक्त दिसण्यात फरक पाडणारे दोष सर्वांत खाली. खालच्या श्रेणीला ‘कॉस्मेटिक’ म्हणतात. मायन्यातील विषय मोडला तरी पत्र पोहोचते, मजकूर वाचता येतो, अटॅचमेंट उघडते, म्हणून हा दोष कॉस्मेटिक ठरला. ‘प्रत’ या शब्दातून ‘प्र’ जाणे हे प्रसाधनाचा प्रश्न मानणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी मुद्रित तपासलेले नसावे, असे कार्यालयात म्हटले गेले. पण त्याच्या बाजूने हेही खरे, की त्याच्यासमोर त्या दिवशी कोणाची तरी पत्रेच पोहोचत नसल्याची तक्रार असणार. सात दिवसांत ग्राहकाकडून नवे काही न आल्यामुळे तक्रार आपोआप ‘निकाली’ काढली गेली, आणि सेवेविषयीचे समाधान एक ते पाच ताऱ्यांत नोंदवण्याची विनंती आली.

याच काळात लक्षात आलेला दुसरा दोष शोध-सुविधेतला होता, आणि तो मराठीच्या वाट्याला खास आलेला आहे. ‘ऱ्हा’ किंवा ‘ऱ्या’ यांतला आडव्या रेघेचा अर्धा र, ज्याला पापणीसारख्या आकारामुळे युनिकोडच्या परिभाषेत पापणी-र म्हणतात, तो दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेले ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरतात. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती वेगळी असतात. तशीच गत ‘ॲ’ची: २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान आहे, पण त्याआधीच्या सवयीने अनेक जण अजून ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहितात. शोध घेण्याआधी ही पर्यायी रूपे एकसारखी करून घ्यावी लागतात. या वेबमेलमध्ये तसे केले जात नव्हते.

परिणामी, कऱ्हाडहून एका लेखकाने पाठवलेला लेख गावाच्या नावाने शोधला असता सापडला नाही, म्हणून त्यांना नम्र स्मरणपत्र गेले. त्यांनी लेख पुन्हा पाठवला. तोही सापडला नाही, कारण त्यांचा कीबोर्ड एका रीतीचा आणि कार्यालयाचा दुसऱ्या, आणि इनबॉक्समध्ये त्या आठवड्यात अडीचशे पत्रे होती. दुसऱ्या स्मरणपत्राला आलेले उत्तर एका ओळीचे होते आणि त्यात ‘आपण’ या सर्वनामाचा प्रयोग ज्या धारदारपणे केला होता, तो सॉफ्टवेअरच्या दोषांच्या कोणत्याही श्रेणीत बसणारा नाही. दिलगिरीचे पत्र संपादकांनी स्वतः, हाताने लिहून, टपालाने पाठवले.

इतर दोष थोडक्यात सांगता येतील. पत्र लिहिताना दर मिनिटाला त्याचा मसुदा आपोआप साठवला जाई. पण आयमॅप या पत्रसाठ्याच्या पद्धतीत एकदा ठेवलेले पत्र जागच्या जागी बदलता येत नाही, नवे ठेवून जुने पुसावे लागते, आणि पुसण्याची पायरी अधूनमधून निसटत असल्यामुळे एकाच पत्राचे वीस-वीस मसुदे साचत. देवनागरी नाव असलेल्या फाइली शेपटी, म्हणजे प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे, गमावून येत. लांब पत्र लिहिताना सत्राची मुदत संपली, तर ‘पाठवा’ दाबताच लॉगिनचे पान समोर येई आणि पत्र गायब होई. यावर उपाय म्हणून लांब पत्रे आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची शिस्त लागली, म्हणजे पैसे भरून घेतलेल्या साधनात लिहायचे नाही हे कार्यालयाने आपणहून ठरवले.

जुन्या साधनांना दोष नव्हते असे मुळीच नाही. पानांच्या मांडणीसाठी मराठी छापखान्यांनी आणि कार्यालयांनी वर्षानुवर्षे पेजमेकर वापरले, त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मधली, आणि त्यावर युनिकोडपूर्व फाँटांत काम करताना जोडाक्षरे ओळीच्या टोकाला तुटणे, मजकूर एका फाँटातून दुसऱ्यात नेताना त्याची वाट लागणे, हे नित्याचेच होते. पण ते दोष ओळखीचे होते. कोणत्या जोडाक्षरापाशी थांबून पाहायचे हे ऑपरेटरच्या बोटांना ठाऊक होते, आणि जी आवृत्ती संगणकावर होती ती कोणी रात्रीतून बदलत नव्हते. ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरचे तसे नसते. ते कंपनीच्या सर्व्हरवर राहते, त्याची एकच आवृत्ती सर्वांसाठी असते, आणि काल नीट चालणारी गोष्ट आज मोडलेली मिळते. सुधारणा करताना जुने चांगले बिघडणे याला या व्यवसायात ‘रिग्रेशन’ म्हणतात. भाडेकरू झोपेत असताना घरमालकाने जिन्याच्या पायऱ्यांची उंची बदलावी, तसा हा प्रकार आहे. मनस्तापाचे मूळ दोषांच्या संख्येत नसून या अनोळखीपणात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. माणूस अडचणीशी जुळवून घेतो, पण तिने एका जागी उभे तरी राहिले पाहिजे.

सेवा बदलावी असा विचार झाला नाही असे नाही. परंतु पाच मेलबॉक्समधली काही वर्षांची पत्रे हलवायची, मराठी नावांचे कप्पे दुसरीकडे गेल्यावर रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगा होऊन बसतात का हे तपासायचे, शेकडो लेखकांच्या फोनमध्ये काही बिघडत नाही ना हे पाहायचे, आणि हे सारे करून नव्या ठिकाणी कोणते दोष वाट पाहत आहेत हे अज्ञातच राहायचे. वार्षिक शुल्काची मुदत कार्तिकात संपली आणि नूतनीकरण झाले. कंपनीला याचा अर्थ ग्राहक समाधानी आहे असा लावता येईल, आणि बहुधा तिने तो लावला असेल.

विषय मोडण्याचा दोष पुढे दुरुस्त झाला. केव्हा, ते नक्की सांगता येत नाही, कारण कंपनीने कळवले नाही. त्या सुमारास आलेल्या सूचनेत ‘किरकोळ सुधारणा आणि स्थैर्यात वाढ’ एवढेच शब्द होते. माघात ‘लेखाची दुरुस्त प्रत’ याच विषयाच्या एका पत्राचा मायना सहज उघडून पाहिला, तेव्हा पहिला तुकडा पंचेचाळीसाऐवजी चव्वेचाळीस बाइटवर, ‘प’नंतर, व्यवस्थित तोडलेला आढळला. विषयाचे वेषांतर पाठवतानाच होत असल्यामुळे भाद्रपदात गेलेली पत्रे मात्र प्राप्तकर्त्यांच्या मेलबॉक्समध्ये आजही मोडलेलीच आहेत.

त्या दिवसांत संगणकाच्या कडेला चिकटवलेली ‘विषय पंधरा अक्षरांत’ ही चिठ्ठी अजून तिथेच आहे. नव्याने रुजू झालेला सहायक ती इमानाने पाळतो, पण तो ‘प्र’ एक मोजतो आणि ‘कि’ही एकच, त्याच्या पंधरांत वीस-बावीस चिन्हे सहज जातात, आणि आता ती तुटत नाहीत.